पायाळूचा दाखला

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, एखाद्या मुलीने अठरा वर्षांची होईपर्यंत गावातल्या निम्म्या बाप्यांच्या पाठीवर पाय दिलेला असला, बाळंतिणींच्या कमरा चोळून चोळून तिच्या अंगठ्यांना घट्टे पडलेले असले, आणि तेलकट बोटांनी उलटून उलटून तिच्या फिजिक्सच्या पुस्तकाची पानं आरपार दिसायला लागलेली असली, तरी फिजिओथेरपीच्या कॉलेजात प्रवेश देताना या सगळ्याचे मिळून शून्य मार्क धरले जातात. हे मी ऐकीव सांगत नाही. ते शून्य मी स्वतः घाट चढून, बघून, परत घाट उतरून आलेली बाई आहे.

आता माझा स्वतःचा दवाखाना आहे. बारावीचे निकाल लागले की दरवर्षी एखादी मुलगी आईला घेऊन येते, खुर्चीच्या अगदी टोकावर बसते आणि विचारते, मॅडम, मी मसाजचा कोर्स केलाय, फिजिओला ॲडमिशन मिळायला त्याचा उपयोग होईल का. मी तिला पाणी देते, पंखा वाढवते आणि सांगायला सुरुवात करते. पण बाहेर गुडघेवाल्यांची रांग असते, त्यातला कोणीतरी मुद्दाम खोकतो, आणि माझं उत्तर निम्म्यातच राहतं. म्हणून पूर्ण उत्तर इथे लिहून ठेवते. ज्यांना घाई आहे त्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा आणि उठावं.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना सगळी मुलं डोक्याने येतात, मी पायाने आले. यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. पण आमच्याकडे पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कंबरेत उसण भरली की पायाळूने सकाळी, चूळसुद्धा न भरता, डाव्या पायाने तीन वेळा पाठीवर लाथ द्यायची, उसण जाते. शिवाय पायाळूवर वीज पडते अशीही समजूत, त्यामुळे ढग गडगडले की मला घरात कोंडत आणि उसण भरली की झोपेतून उठवत. असं माझं बालपण अगदी मानाचं आणि अत्यंत गैरसोयीचं गेलं.

आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. बाबा रापणीवर जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायचं भलंमोठं जाळं. पंधरावीस माणसं एका दोरीला, तितकीच दुसरीला, आणि सगळ्यांचं वजन मागे, टाचा वाळूत. बांगडा भरून लागला की त्या दिवशी गावात आनंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पालथी माणसं. एका ओळीत पडलेली असायची, अंगाला अजून खारी वाळू चिकटलेली, आणि कण्हण्याच्या त्या सुरांवरून मी डोळे न उघडता ओळखत असे की काल मासळी किती लागली. मला परकराचा काष्टा मारून त्यांच्यात सोडलं जायचं. "वैजू, वायच पाय दी गो," असं म्हणणारा माणूस कधी माझ्या आजोबांच्या वयाचा असे, आणि मी सात वर्षांची. लाथ देऊन झाली की तो उठून मलाच नमस्कार करायचा. एवढी सत्ता मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

पण खरं काम त्या खळ्यात नव्हे, दुसरीकडेच चाललेलं असे. मागच्या पडवीत आये, म्हणजे माझी आई, चुलीवर उंडीचं तेल कोमट करत असायची. उंडीच्या त्या कडवट, जडशा वासात पेजेचा वास मिसळायचा, शेजारी तव्यावर सुका बांगडा चरचरत असायचा, आणि हे तिन्ही वास एकत्र आले की आजही मला कोणीतरी हाक मारतंय असं वाटतं. लाथ घेऊन माणूस उठला की पेज प्यायला पडवीत जायचा, आणि तो पेज भुरकत असताना आये त्याच्या मागे बसून, गप्पा मारत मारत, त्याची पाठ आणि मांडी चोळून काढायची. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तो घरी जाऊन सांगायचा, वैजूच्या पायाला गुण आहे. आयेच्या हातांबद्दल कोणी काही बोलत नसे. ते पेजेबरोबर मिळणाऱ्या लोणच्यासारखं होतं.

तिचं मुख्य काम बाळंतिणींचं. गावात कोणीही बाळंत झाली की चाळीस दिवस आये सकाळी तिच्या दारात. बाळाला पायांवर घेऊन ती तेल जिरवायची तेव्हा एक ठरावीक आवाज यायचा, ओल्या वाळूवर अनवाणी चालल्यासारखा, आणि त्या आवाजात बाळ रडता रडता झोपायचं. तिने कोणालाही कधी नाही म्हटलं नाही. विहिरीच्या पाण्यावरून जिच्याशी तीन वर्षं अबोला होता, तिच्या सुनेलासुद्धा जाऊन न बोलता चोळून आली. मी दहाबारा वर्षांची झाल्यावर ती मला बरोबर न्यायला लागली. शिकवायची पद्धत अशी की माझे डोळे बंद करायला लावायची, माझा अंगठा बाळंतिणीच्या कमरेवर ठेवायची आणि विचारायची, आत काय लागतंय. मी दोरी म्हणाले तर ओली की सुकी, सुकी म्हणाले तर गाठ कुठे. एकच नियम तिने मला तोंडाने सांगितला: "दुखता थंय लगेच हात घालू नको. खंयसून येता ता आधी बघ." कळ कुठून निघते ते आधी शोध, असं. पुढे साडेचार वर्षं कॉलेजात मी याच वाक्याचे अनेक जाडजूड इंग्रजी खंड वाचले.

विष्णूकाका, बाबांचा धाकटा भाऊ, याच नियमात सापडला. मी नववीत होते. रापण ओढून आला आणि पालथा पडला. मी डावा पाय उचलला, आणि खाली बघते तर त्याच्या उजव्या पावलाचा अंगठा मेल्यासारखा पडलेला. मी त्याला अंगठा वर कर म्हणाले. त्याला करता येईना. कळ कमरेतून निघून पिंढरीत जातेय, पाऊल बधिर झालंय, असं तो म्हणाला. मी आयेकडे बघितलं. तिने नुसती मान हलवली. मी पाय खाली घेतला आणि म्हणाले, मी देणार नाही, याला डॉक्टरकडे न्या.

पायाळूने पाय द्यायला नकार देणं म्हणजे आमच्याकडे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. काकीने खळ्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, माझ्या घोवाक पाय देवक हिका लाज वाटता काय, आणि पुढे तीन महिने आमच्या घरची पायरी चढली नाही. काकाला शेवटी बेळगावला नेलं, मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की वर चार लाथा बसल्या असत्या तर पाय गेलाच होता. काकीने हे मला कधी सांगितलं नाही. तिने फक्त एक दिवस करंज्या पाठवल्या.

ऑपरेशननंतर काकाला चालायला शिकवायला कणकवलीला एक फिजिओथेरपिस्ट होत्या. आठवड्यातून दोनदा मी त्याला एसटीने घेऊन जायची. तिथे पांढरा कोट घातलेली ती बाई काकाच्या पायावर हात ठेवून डोळे किंचित मिटायची, आणि मला धक्काच बसायचा, कारण तो चेहरा माझ्या आयेचा होता. फरक एवढाच की या बाईला प्रत्येक दोरीचं नाव माहीत होतं, आणि ती दोरी का आवळली हेही. शिवाय भिंतीवर तिचं प्रमाणपत्र होतं. मी तिथेच ठरवलं. घरी येऊन सांगितलं की मी हे होणार. आयेला वाटलं की त्यासाठी कणकवलीच्या बाईकडे राहायला जावं लागेल. मी म्हणाले नाही, त्यासाठी फिजिक्स लागतं.

फिजिक्सबद्दल मी फार बोलणार नाही. केमिस्ट्री जमली, बायोलॉजी तर आमच्या खळ्यातच पडलेली असायची. पण फिजिक्समध्ये एक ठोकळा उतारावरून घसरतो आणि तो का घसरतो हे मला विचारतात. मी रापण ओढणाऱ्यांच्या घरची, मला विचारायचंच तर तो ओढणाऱ्याची कंबर कशी आहे हे विचारायला हवं होतं. सीईटीचा निकाल लागला आणि यादीत माझं नाव इतकं खाली होतं की ते शोधताना शिपायाने मला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. सरकारी जागा गेली. उरलं घाटावरचं एक खासगी कॉलेज, जिथे थोड्या जागा मुलाखतीने भरायच्या होत्या. त्यांचं माहितीपत्रक टपालाने आलं. शेवटच्या पानावर, छायाचित्राच्या चौकटीखाली, एक ओळ होती: संबंधित क्षेत्रातील अनुभव असल्यास दाखल्यासह नमूद करावा. ही ओळ वाचून मी घरभर नाचले. आयेने विचारलं काय झालं. मी म्हणाले, आपल्याला मार्क मिळणार.

प्रश्न फक्त दाखल्याचा होता, आणि मला वाटलं तो प्रश्नच नाही.

आधी मी गेले किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये. त्या वर्षांत जिल्ह्यात नुकते पर्यटक यायला लागले होते, आणि अकरावी-बारावीच्या सुट्ट्यांत मी तिथल्या मसाजच्या झोपडीत काम केलं होतं, फक्त बायकांसाठी. आता तुम्ही म्हणाल, मग झालं की. झालं नाही. झोपडीवर पाटी होती ‘अस्सल केरळी मसाज’. मालक मला जरीकाठाची पांढरी साडी नेसवायचे, केसांत मोगरा माळायला लावायचे आणि तोंड उघडू द्यायचे नाहीत. एकदा खरोखरच केरळची एक बाई आली आणि आनंदाने माझ्याशी तिच्या भाषेत बोलायला लागली. मी तासभर नुसती हसत राहिले. जाताना ती काउंटरवर सांगून गेली की मुलगी गुणी आहे, ऐकू येत नाही एवढंच. मालकांना मी अनुभवाचं पत्र मागितलं तेव्हा ते खरोखर दुःखी झाले. म्हणाले, तुझ्या आडनावाने पत्र दिलं तर माझी पाटी खोटी पडते. दुसऱ्या एखाद्या नावाने चालेल का? मी विचारलं कोणत्या. त्यांनी दोनतीन छान नावं सुचवली.

मग आये देते म्हणाली. ती सही करायला शिकली होती आणि ती करायची संधी शोधतच असायची. पण कॉलेजात फोन केल्यावर तिथला क्लार्क म्हणाला, नातेवाइकांचा दाखला चालत नाही. चाळीस बाळंतिणींचा चालेल का, असं मी विचारलं. त्याने विचारलं, त्या कोणत्या संस्थेच्या? शेवटी म्हणाला, एखादा अधिकृत शिक्का आणा. अधिकृत शिक्का गावात एकाच ठिकाणी होता.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक भाऊसाहेब बसले होते. ते घाटावरचे, सज्जन, कागदाला घाबरून असणारे. त्यांनी सगळे नमुने काढून दाखवले. रहिवासी दाखला होता, हयातीचा होता, शौचालय असल्याचा होता, चोळल्याचा नव्हता. मी म्हणाले, कोऱ्या कागदावर लिहा, मी सांगते. आणि मी नीट सांगायला सुरुवात केली: आईच्या हाताखाली सहा वर्षं, बाळंतिणींची कंबर, खांदे, लहान मुलांचे पाय. तेवढ्यात दाजी सरपंच आत आले. दाजींची उसण मी निदान आठ वेळा काढलेली. माझं काम आहे म्हटल्यावर ते खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत, उभ्याउभ्याच त्यांनी दाखल्याचा ताबा घेतला.

"खरा ता लिवा, भाऊसाहेब," ते म्हणाले. "आमचा चेडू पायाळू आसा. जल्मापासून. हेच्यापेक्षा मोठो अनुभव खंयचो?"

मी म्हणाले, दाजी, पायाचं नको, हाताचं लिहा, मी हाताने चोळते ते. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी राजगादी सोडून भांडी घासायला निघाले आहे.

"ता तर सगळ्योच बायलो करतत," ते म्हणाले. "तेचो दाखलो कसलो?"

आये दाराशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तर ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. मी आजवर अनेक ठिकाणी अपमान गिळले आहेत, त्यांतले काही दोन भाषांत होते. पण दाजींचं ते प्रेमाने बोललेलं वाक्य मला अजून खाली उतरत नाही. कारण ते चुकीचं नव्हतं. सगळ्याच बायका करत होत्या. म्हणूनच ते कोणाला दिसत नव्हतं.

दाखला तयार झाला तो असा: कुमारी वैजयंती ही या गावची कायम रहिवासी असून जन्मतः पायाळू आहे. तिला रुग्णांच्या पाठीवर पाय देण्याचा जन्मापासून आजतागायत अठरा वर्षांचा अनुभव आहे. तिच्या पायास गुण असल्याबाबत आमची खात्री आहे. वर्तणूक चांगली. त्याखाली गोल शिक्का. दाजींना एवढ्यावर समाधान होईना. त्यांनी तो कागद रापणीवर नेला, आणि संध्याकाळपर्यंत मागच्या बाजूला बत्तीस जणांनी सह्या आणि अंगठे उठवले. प्रत्येकाने नावापुढे आपला अवयवही लिहिला. कंबर. कंबर. डावा खुबा. कंबर व मान. विष्णूकाकाने लिहिलं होतं: नकार दिला, उपकार झाले. मी तो कागद फाडून टाकायला हवा होता. पण बत्तीस माणसांनी ओले हात पुसून सह्या केल्या होत्या. शिवाय दुसरा कागद नव्हता.

मुलाखतीला मी आणि आये पहाटेच्या एसटीने निघालो. आयेने घावने आणि चटणी बांधून घेतली, नवं लुगडं नेसली आणि गाडीत बसल्यावर एक घोषणा केली: तिथे गेल्यावर ती एक शब्दही बोलणार नाही. तिचा एखादा मालवणी शब्द कुणाच्या कानावर पडला तर माझे मार्क जातील, अशी तिची पक्की समजूत झाली होती. मी खूप सांगितलं. तिने तोंडावर पदर घेतला तो घेतलाच. क्लार्कने नाव विचारलं तेव्हाही तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

आत तिघं होते. मधे विभागप्रमुख बाई, काटक, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. एका बाजूला संस्थेचे जुने सभासद, ज्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत होते. दुसऱ्या बाजूला फोनवरचा तो क्लार्क, पुढ्यात छापील तक्ता. आप्पासाहेबांनी माझा दाखला उचलला आणि मोठ्याने वाचायला घेतला. ‘तिच्या पायास गुण’ इथे क्लार्क खाली वाकला आणि बराच वेळ पेन शोधत राहिला. मागची बाजू उलटल्यावर अवयवांची यादी निघाली. तीही वाचली गेली, संपूर्ण. मी उभी होते. माझ्या कानांची आग होत होती, आणि तरी प्रत्येक नावासरशी ती पाठ माझ्या डोळ्यांसमोर येत होती.

वाचून झाल्यावर आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांनी कागद आदराने खाली ठेवला, थोडे पुढे झुकले आणि विचारलं, खरंच पायाळू? त्यांच्या आजोळी एक होता म्हणे. मग आवाज उतरवून म्हणाले की त्यांना गेल्या शनिवारपासून उजव्या बाजूला चमक आहे, आणि आज सकाळी काही खाल्लं नसेल तर—

"आप्पासाहेब," बाई म्हणाल्या. एवढंच. ते मागे टेकले, तेही जपून.

मग बाईंनी मला विचारलं, तुझा विश्वास आहे यावर? आता माझी गंमत बघा. हो म्हटलं तर मी अंधश्रद्धाळू, बाहेर. नाही म्हटलं तर माझा एकमेव दाखला मीच खोटा पाडला, अनुभव शून्य, बाहेर. बत्तीस माणसं त्या टेबलावर पालथी पडून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, मॅडम, गुण पायाला नाही. उसण तीन दिवसांत आपली आपण उतरते. माणूस माझ्याकडे दुसऱ्या दिवशी येतो. पण पाय ठेवला की खालची पाठ कळते. कुठली पाठ नुसती दमलीय, कुठली घाबरून आवळलीय. आणि ज्याचा अंगठा उचलत नाही, ज्याची कळ पायात उतरते, त्याला मी पाय देत नाही.

बाईंनी चष्मा काढला. असे किती जण होते, त्यांनी विचारलं. मी विष्णूकाकाचं सगळं सांगितलं. त्यांनी दाखला उलटा केला, काकाची ओळ शोधली आणि ती पुन्हा वाचली, मनातल्या मनात. नंतर त्यांनी आपली खुर्ची वळवली, पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाल्या, माझी मान बघ. हाताने.

मी हात चोळून गरम केले आणि डोळे मिटले. उजव्या बाजूला, मान आणि खांदा यांच्या मधे, सुकी दोरी, आणि खाली एक गाठ, करवंदाएवढी. पण ती तिथली नव्हती. मी अंगठा खाली, पाठीच्या फऱ्याच्या कडेला नेला, आणि बाईंचा श्वास एकदम सुटला. मी विचारलं, मॅडम, तुम्ही फोन खांद्याला दाबून धरून बोलता का. क्लार्क म्हणाला, दिवसभर. मी पाचसात मिनिटं काम केलं. बाईंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि म्हणाल्या, हात फार चांगले आहेत.

मला वाटलं झालं. मला वाटलं, मी आत शिरले.

क्लार्कने तक्ता पुढे ओढला आणि विचारलं, मॅडम, हे कुठे भरू? बारावीचे मार्क होते, सीईटीचे होते, खेळाचे दोन होते, वक्तृत्वाचे दोन होते. अनुभवाचा रकाना नव्हता. मी म्हणाले, पण माहितीपत्रकात लिहिलंय, अनुभव नमूद करावा. तो म्हणाला, हो, नमूद केलाय ना तुम्ही? झालं तर. तो चिडवत नव्हता. त्याने दाखल्याला टाचणीही नीट, सरळ लावली. वक्तृत्वाचे दोन मार्क तरी द्या, असं मी म्हणणार होते. पण बाई तक्त्याकडे बघत राहिल्या होत्या, आणि त्यांनाही त्यात काही सापडत नव्हतं.

चार वाजता यादी लागली. माझं नाव नव्हतं. शेवटचं नाव एका गोऱ्यागोमट्या मुलाचं होतं, ज्याने दुपारी बाकावर मला काळजीने विचारलं होतं की या लाइनमध्ये पेशंटला हात लावावा लागतो का. मला त्याचा राग आला नाही. पुढे तो माझा वरच्या वर्गातला मित्र झाला आणि आज उत्तम काम करतो. कारण पुढच्या वर्षी मी त्याच कॉलेजात गेले. अनुभवाच्या जोरावर नाही, उतारावरून घसरणाऱ्या त्या ठोकळ्याच्या जोरावर. वर्षभर मी कोणाच्या पाठीला हात लावला नाही, नुसती फिजिक्सची गणितं केली. आणि कॉलेजात गेल्यावर पहिले सहा महिने मला माझ्या निम्म्या सवयी मोडाव्या लागल्या. उरलेल्या निम्म्यांवर मी आजवर जगते आहे. तर मुलींनो, उपयोग होतो. फक्त दारातून आत गेल्यावर होतो, दार उघडायला होत नाही. ही व्यवस्था मला तेव्हा पटली नव्हती आणि आताही पटत नाही.

पण त्या दिवशी यातलं काही मला माहीत नव्हतं. मी यादीसमोर उभी होते, घावन्यांचा डबा हातात, तो उघडलासुद्धा नव्हता. आये बाकावर बसून होती. तिला वाचता येत होतं, हळूहळू. तिने यादी वरून खाली दोनदा वाचली होती आणि मग पदर तोंडावर आणखी घट्ट धरला होता. तेवढ्यात विभागप्रमुख बाई बाहेर आल्या. मुद्दाम आल्या, हे त्यांचं मोठेपण. त्या माझ्याशी फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, तुझा दाखला मी विसरणार नाही. माझ्या हातात असतं तर घेतलं असतं, पण मार्क द्यायला जागाच नाही. फिजिक्स कर, पुढच्या वर्षी ये. मी मान डोलावत होते. मग बाई जरा घुटमळल्या. इकडेतिकडे बघितलं. कॉलरवरून बोट फिरवलं आणि थोड्या लाजून म्हणाल्या की मघापासून उजवी बाजू इतकी हलकी वाटतेय, डावीकडेही तसंच काही आहे का, निघण्याआधी पाच मिनिटं बघतेस का. आणि त्या खरंच बाकावर, आयेच्या शेजारी, पाठ वळवून बसल्या.

मी डबा खाली ठेवला. सवयीने हात एकमेकांवर चोळायला लागले होते. तेव्हा आयेने तोंडावरचा पदर काढला. पहाटेपासून जिने ब्र काढला नव्हता, जिने जन्मात कोणाच्या पाठीला नाही म्हटलं नव्हतं, ती त्या लांबलचक व्हरांड्यात, शिपाई, क्लार्क आणि आप्पासाहेब यांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाली:

"तेका मार्क नाय मां, बाईंनू? मगे मान आमका कित्याक दाखवतास?"